पहिला रुग्ण आणि पहिला आठवडा

(व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



२० जुलै २०१४ या दिवशी नायजेरियातील लागोस शहराच्या विमानतळावर एक प्रवासी कोसळला. पॅट्रिक सॉयर हे त्याचे नाव. लायबेरियाहून तो एका परिषदेसाठी आला होता. लागोस हे आफ्रिका खंडातील अतिशय दाट लोकवस्तीचे शहर. दोन कोटींच्या आसपास माणसे तेथे राहतात असा अंदाज केला जातो. मैलोगणती पसरलेल्या झोपड्या, तुंबलेली गटारे, अपुरी रुग्णालये, असे त्याचे रूप. त्यात त्या दिवसांत सरकारी डॉक्टरांचा संप चालू होता. त्यामुळे या प्रवाशाला एका खासगी रुग्णालयात दाखल करण्यात आले. अंगात ताप होता, म्हणून मलेरियाचे उपचार सुरू झाले. त्या शहरात ताप म्हणजे मलेरिया, हा नित्याचा ठोकताळा होता.

याच वेळी पश्चिम आफ्रिकेतील तीन देशांत इबोलाने थैमान घातले होते. गिनी देशातील एका खेड्यात डिसेंबर २०१३ मध्ये या साथीची ठिणगी पडली, पण ती इबोला आहे हे कळेपर्यंत मार्च २०१४ उजाडला. तीन महिने रोग ओळखच न देता गावोगाव हिंडत राहिला. त्या तीन महिन्यांची किंमत पश्चिम आफ्रिकेने पुढे मोजली. २८ हजारांहून अधिक रुग्ण आणि ११ हजारांहून अधिक मृत्यू. हाच रोग आता विमानाने लागोससारख्या महानगरात उतरला होता. जगभरातील साथरोगतज्ज्ञांच्या काळजाचा ठोका चुकावा, अशीच ही घटना होती.

प्रत्यक्षात नायजेरियात घडले ते असे : एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबर २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेकडून देश इबोलामुक्त झाल्याची घोषणा. विमानतळावरील त्या घटनेला अवघे तीन महिने झाले होते. संपन्न देशांनाही हेवा वाटावा असे हे यश साधनांची वानवा असलेल्या शहराने मिळवले. ते कसे मिळवले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रश्न केवळ आफ्रिकेचा नाही. मुंबई, पुणे, सुरत, कोलकाता या शहरांनीही हीच परीक्षा दिली आहे, आणि ती त्यांना पुन्हा द्यावी लागणार आहे.

एका डॉक्टरचा नकार

सॉयर यांच्यावर उपचार करणाऱ्या वरिष्ठ डॉक्टर होत्या अमेयो स्टेला अडाडेव्होह. नायजेरियातील राष्ट्रवादी चळवळीचे अध्वर्यू हर्बर्ट मॅकॉले हे त्यांचे पणजोबा. मलेरियाच्या औषधांनी रुग्णाला उतार पडत नाही, हे ध्यानात येताच त्यांनी रुग्णाला पुन्हा प्रश्न विचारले. इबोलाच्या रुग्णाशी आपला संबंध आला नसल्याचे तो सांगत होता. अडाडेव्होह यांनी त्यावर विसंबून राहण्याचे नाकारले. तो लायबेरियाहून आला आहे एवढी एक गोष्ट त्यांना पुरेशी वाटली. त्यांनी रुग्णाला वेगळे ठेवले, शासनाला कळवले आणि रक्ताचे नमुने तपासणीला पाठवले.

यानंतर दडपण सुरू झाले. रुग्ण हा सरकारी कामासाठी आलेला माणूस. त्याला परिषदेला जाऊ द्यावे, त्याला डांबून ठेवणे बेकायदा आहे, असा आग्रह धरला गेला. अडाडेव्होह यांनी नकार दिला. रुग्ण बाहेर पडला असता तर परिषदेच्या गर्दीत मिसळला असता, आणि तेथून रोग कोठे गेला असता याचा माग कोणालाही काढता आला नसता. २५ जुलैला सॉयर यांचा मृत्यू झाला. तोवर रुग्णालयातील अनेकांना लागण झाली होती. त्यांत स्वतः डॉ. अडाडेव्होह होत्या. १९ ऑगस्ट २०१४ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्या शहरासाठी त्या उंबरठ्यावर पहारा देऊन उभ्या राहिल्या, त्या शहरातील बहुसंख्य लोकांना त्यांचे नाव त्यांच्या मृत्यूनंतरच कळले.

उंबरठे झिजवणारी माणसे

एका डॉक्टरच्या धैर्याने दार बंद झाले, पण काही ठिणग्या आधीच बाहेर पडल्या होत्या. त्या विझवण्याचे काम नायजेरियाने ज्या रीतीने केले, ते बारकाईने समजून घेण्यासारखे आहे.

इबोलाचा एक विशेष असा की, लक्षणे दिसू लागल्यानंतरच रुग्णाकडून तो दुसऱ्याला होतो; आणि संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला जास्तीत जास्त २१ दिवस लागतात. याचा अर्थ असा की, रुग्णाच्या सान्निध्यात आलेल्या प्रत्येक माणसाची यादी करावी, त्याच्याकडे २१ दिवस रोज जावे, त्याचा ताप मोजावा आणि ताप दिसताच त्याला वेगळे करावे. तेवढे झाले की साखळी तुटते. यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतात ती माणसे, वह्या, तापमापक आणि चिकाटी. नायजेरियाने अशा सुमारे ९०० व्यक्तींची यादी केली आणि त्यांच्या घरी १८ हजारांहून अधिक भेटी दिल्या. यादीतील एक जण लागोसहून निसटून पोर्ट हार्कोर्ट या शहरात गेला. तेथे त्याच्यावर गुपचूप उपचार करणाऱ्या डॉक्टरला रोग जडला व तो दगावला. एवढ्या एका फटीमुळे त्या शहरातील शेकडो माणसांच्या दारी कार्यकर्त्यांना जावे लागले. ते गेले, म्हणूनच साथ तेथेच थांबली.

ही माणसे एका रात्रीत कोठून आली? याचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. नायजेरियात त्या वेळी पोलिओ निर्मूलनाची मोहीम चालू होती. वस्तीवस्तीत फिरणारे, नकाशे जाणणारे, बायाबापड्यांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारे कार्यकर्ते आणि त्यांना हाताळणारे नियंत्रण केंद्र आधीपासून तयार होते. इबोलाची वार्ता येताच पोलिओच्या कामातील अनुभवी अधिकारी व डॉक्टर याच कामाला जुंपले गेले. संकट आल्यावर संघटना उभी राहत नसते. आधीपासून चालत आलेली संघटना संकटात उपयोगी पडते.

अफवांनी मात्र तेथेही घात केला. मिठाचे पाणी प्यायल्याने इबोला टळतो, अशी आवई ऑगस्टमध्ये उठली, आणि अतिरेकी मीठ पोटात गेल्याने काही माणसे प्राणास मुकली. रोगाच्या आधी भीती पोहोचते, आणि भीतीच्या मागोमाग अफवा.

मांडवीचे निदान, पुण्याचे बूट

आता घराकडे वळू. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईतील मांडवी भागात एका डॉक्टरने ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे निदान केले. हे डॉक्टर म्हणजे गोव्याच्या बार्देशमधून आलेले अकासिओ गाब्रियेल व्हिएगस. लागोसमध्ये अडाडेव्होह यांनी जे केले, तेच मुंबईत व्हिएगस यांनी ११८ वर्षे आधी केले होते. नेहमीचा ताप म्हणून सोडून न देता त्यांनी रोगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली.

तरीही मुंबईत साथ आवरली नाही. याची दोन कारणे स्पष्ट दिसतात. पहिले कारण अज्ञानाचे. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले ते १८९८ साली. त्याआधी माणसांना घराबाहेर काढले जात होते, घरे धुतली जात होती; पण खरा वाहक शेजारच्या धान्याच्या वखारीत सुखाने नांदत होता. दुसरे कारण अविश्वासाचे. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचे आदेश निघाले आणि रुग्णालय म्हणजे मृत्यूचे दार, अशी समजूत पसरली. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुढे लाखो लोक मुंबई सोडून निघाले आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. पुण्यात प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून आलेल्या वॉल्टर चार्ल्स रँडने सैनिकांकरवी घरांची झडती सुरू केली. बूट घातलेले गोरे शिपाई माजघरात आणि देवघरात शिरले, सामान रस्त्यावर फेकले गेले, स्त्रियांची विटंबना झाल्याच्या तक्रारींनी शहर पेटून उठले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे घडले आणि त्यापायी चापेकर बंधू फासावर गेले, तो इतिहास महाराष्ट्राच्या घरोघरी ठाऊक आहे.

त्याच इतिहासाचे दुसरे पान मात्र कमी वाचले जाते. रुग्णाला वेगळे ठेवावे, घर स्वच्छ करावे, नोंद करावी, ही तत्त्वे चुकीची नव्हती. लोकमान्य टिळकांचाही स्वच्छतेला वा विलगीकरणाला विरोध नव्हता. त्यांचा रोष होता तो जुलमावर. शहरातील अनेक प्रतिष्ठित मंडळी पुणे सोडून गेली असताना टिळक शहरात थांबले. हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला, विलगीकरणाच्या छावणीत मोफत भोजनाची सोय केली. त्याच महिन्यांत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

रँडच्या पद्धतीचा परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. प्रेते लपवू लागले. ज्या नोंदीवाचून साथ आवरता येत नाही, ती नोंदच खोटी ठरू लागली. साथरोगाच्या लढाईत घरातला माणूस हाच पहिला पहारेकरी असतो. त्याला शत्रू मानणारे शासन आपलेच डोळे काढून घेते. पुढील दोन-तीन दशकांत प्लेगने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

बागबाजारची गल्ली

पुण्यानंतर वर्षभराने कोलकात्यात याच रोगाला वेगळ्या रीतीने तोंड देण्याचा प्रयत्न झाला. १८९८ मध्ये तेथे प्लेगची वार्ता आली तेव्हा लोक शहर सोडून पळत होते. स्वामी विवेकानंदांनी बंगाली व हिंदी भाषांत एक पत्रक काढले. भय सोडा, घर व अंगण स्वच्छ ठेवा, अफवांवर विसंबू नका, असा त्याचा आशय. सेवाकार्याला पैसा कमी पडला तर मठासाठी नुकतीच घेतलेली जमीन विकण्याचीही त्यांची तयारी होती.

१८९९ च्या वसंतात साथ पुन्हा आली. भगिनी निवेदिता आणि स्वामी सदानंद यांच्याकडे रामकृष्ण मिशनच्या कामाची धुरा आली. सदानंदांनी सफाई कामगारांना बरोबर घेऊन बस्त्यांमधील वर्षानुवर्षांचा उकिरडा उपसला. एप्रिलमध्ये एका सभेत निवेदितांनी विद्यार्थ्यांना आवाहन केले आणि काही तरुण पुढे आले. बागबाजारमध्ये माणसे कमी पडली तेव्हा त्यांनी स्वतः हाती झाडू घेतला, आणि ते पाहून गल्लीतील तरुण लाजून बाहेर आले, असे सांगतात. डॉ. राधागोविंद कर यांनी त्या दिवसांची एक आठवण नोंदवून ठेवली आहे. एका झोपडीत आई गमावलेले प्लेगग्रस्त मूल होते. डॉक्टरांनी संसर्गाचा धोका सांगितला, तरी निवेदिता त्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मूल वाचले नाही.

भावनेच्या भरात येथे एक गोष्ट विसरू नये. सेवेने त्या मुलाचा जीव वाचला नाही, कारण प्लेगवर औषधच नव्हते. सेवेने जे साधले ते वेगळे होते. ज्या वस्तीत सरकारी माणूस दिसताच दारे बंद होत होती, तेथे दारे उघडली. दार उघडले की रुग्ण कळतो, रुग्ण कळला की साथीची वाट कळते. सेवा हे करुणेचे काम आहेच. पण साथीच्या काळात ते माहितीचेही साधन आहे.

धारावीत काय घडले

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. सव्वादोन-अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीत आठ-नऊ लाख माणसे राहतात असे मानले जाते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण आणि शौचालय सार्वजनिक. अंतर ठेवा, घरात राहा, हा सल्ला येथे थट्टेसारखा होता. मुंबई महापालिकेच्या जी उत्तर विभागाचे सहायक आयुक्त किरण दिघावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वास्तव आधी मान्य केले, आणि मग योजना आखली.

घरात विलगीकरण अशक्य, म्हणून शाळा, मंगल कार्यालये आणि क्रीडा संकुल ताब्यात घेतले. तेथे दोन वेळचे जेवण, औषधे आणि डॉक्टरांची सोय केली. शौचालये हाच संसर्गाचा अड्डा, म्हणून ती दिवसातून अनेक वेळा निर्जंतुक करण्यात येऊ लागली. सरकारी मनुष्यबळ अपुरे, म्हणून वस्तीतीलच खासगी डॉक्टरांना साद घातली. ज्या डॉक्टरकडे माणूस वर्षानुवर्षे खोकल्याचे औषध घ्यायला जातो, त्याच्यापाशी तो ताप लपवत नाही. एप्रिलमध्ये १८ दिवसांत दुप्पट होणारी रुग्णसंख्या मे महिन्यात ४३ दिवसांवर गेली. ७ जुलै २०२० रोजी धारावीत केवळ एक नवा रुग्ण नोंदला गेला, आणि त्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला.

या यशाची मर्यादाही सांगायला हवी. लागोसमध्ये साथ संपली. धारावीत ती मंदावली. कोरोना लक्षणे दिसण्याआधीच पसरतो, त्यामुळे केवळ यादी आणि तापमापक यांनी तो पुरता अडवता येत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या अन्य तीन विभागांतील झोपडपट्ट्यांत झालेल्या रक्तपाहणीत निम्म्याहून अधिक लोकांना नकळत संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. रोग बदलला की उपाय बदलावा लागतो. प्लेगला उंदीर व पिसवा, इबोलाला संपर्काची यादी, कोरोनाला मुखपट्टी, मोकळी हवा आणि पुढे लस. न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे लवकर ओळखणे आणि लोकांना बरोबर घेणे. साथ मंदावली तरी रुग्णालयातील खाटा पुरतात, प्राणवायू पुरतो, आणि वाचू शकणारा माणूस वाचतो.

पुढच्या साथीआधी

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची वार्ता पसरताच काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. अनेक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली. मृत्यूंची संख्या पन्नाशीच्या आसपास राहिली. पण शहराचा धीर त्याआधीच सुटला होता. पुढच्याच वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी त्याच शहराचा कायापालट केला. अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून रोज गल्लीत उभे केले, आणि वर्ष-दीड वर्षात सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. माणसे तीच होती, तापीचा काठ तोच होता. बदलली होती ती रोजची शिस्त.

आज देशात रोगसर्वेक्षणाची यंत्रणा आहे. २००४ मध्ये तिचा पाया घातला गेला. परंतु यंत्रणेचे पहिले टोक कोठे असते? ते असते गल्लीतल्या दवाखान्यात, आशाताईच्या वहीत आणि शेजारच्या घरात. एका आठवड्यात एकाच चाळीतील पाच जणांना सारखाच ताप आला, ही गोष्ट मंत्रालयाला कळायच्या आधी शेजारणीला कळते. तिने ती योग्य ठिकाणी सांगितली, आणि सांगितल्याबद्दल तिला पश्चात्ताप करावा लागला नाही, तर साथ पहिल्या आठवड्यातच पकडली जाते.

येथे सुशिक्षित समाजाने स्वतःकडेही पाहावे. २०२० च्या वसंतात टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्याच दिवसांत परिचारिकांना आणि डॉक्टरांना घर सोडून जाण्यास सांगितल्याच्या तक्रारीही देशभरातून येत होत्या. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा व्हावी म्हणून १८९७ च्या त्याच जुन्या कायद्यात केंद्र शासनाला दुरुस्ती करावी लागली. रँडच्या शिपायांनी दारे फोडली म्हणून लोकांनी रुग्ण लपवले. आज शेजारी वाळीत टाकतील या भयाने लोक रुग्ण लपवतात. पहिला दोष परक्या सत्तेच्या माथी मारता आला. दुसरा कोणाच्या माथी मारणार?

कार्यकर्त्याने करावयाचे काम डोळे दिपवणारे नाही. आपल्या वस्तीत एकटे राहणारे वृद्ध कोण, गरोदर स्त्रिया किती, कोणत्या दवाखान्यात कोणते डॉक्टर बसतात, कोणते सभागृह गरज पडल्यास मोकळे करता येईल, विलग राहिलेल्या कुटुंबाला डबा कोण पोहोचवील, याची वही साथ नसताना तयार असावी. सर्व जातींच्या आणि सर्व पंथांच्या दारांवर साथ नसतानाही जाणे-येणे असावे, कारण रोग दार निवडत नाही आणि अनोळखी माणसाला कोणी ताप सांगत नाही. आलेली बातमी पुढे धाडण्याआधी डॉक्टरला विचारावी. आणि जो रोगी आहे, त्याला अपराधी मानू नये.

अडाडेव्होह यांच्या हाती त्या दिवशी इबोलावर औषध नव्हते. व्हिएगस यांच्या हाती प्लेगवर नव्हते. दोघांच्याही हाती होती ती एकच गोष्ट : जे दिसते आहे ते वेळेवर, खरे खरे सांगण्याची छाती. लागोसमध्ये त्या शब्दामागे घरोघर जाणारी माणसे उभी राहिली, म्हणून शहर वाचले. मुंबईत ती उभी राहिली नाहीत. पुढची साथ कोणत्या रोगाची असेल हे आज कोणी सांगू शकणार नाही. ती येईल तेव्हा खरे सांगणाऱ्या डॉक्टरच्या मागे उभी राहणारी माणसे वस्तीत असतील की नाही, हे मात्र आजच ठरत आहे.